नांदी, त्रेपन्न वेळा

संस्कृत नाटकाच्या अभ्यासात नांदीला मानाचे स्थान आहे. तिची पदे आठ असावीत की बारा, ती सूत्रधाराने म्हणावी की अन्य कोणी, पुढील कथानकाचे सूचन तिच्यात किती असावे, या प्रश्नांवर भरतापासून विश्वनाथापर्यंत अनेकांनी लिहिले आहे. ग्रंथारंभीचे मंगलाचरण, कादंबरीची अर्पणपत्रिका, कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ यांचाही विचार आता आपल्या समीक्षेत होऊ लागला आहे. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९८७ साली संहितेच्या अशा सर्व उंबरठ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तरीही एक उंबरठा असा आहे की जो आपण वर्षानुवर्षे ओलांडत आलो, पण ज्याच्याकडे थांबून पाहिले नाही. माहितीपट-मालिकेच्या प्रत्येक भागाआधी येणारे ते मिनिट-दीड मिनिट. हलणारी अक्षरे, सरकणारी चित्रे, ठरावीक संगीत, ठरावीक रंग. त्याला आपण फार तर 'टायटल्स' म्हणतो आणि तेवढ्या वेळात चहाचा कप आणायला आत जातो.

आम्हांस या दीड मिनिटात एक पेच दिसतो. माहितीपट प्रेक्षकाशी करार करतो की पुढे जे दाखवले जाईल ते घडलेले आहे, निदान त्याचा शोध प्रामाणिकपणे घेतलेला आहे. शीर्षकदृश्य हे त्या कराराचे पहिले कलम. पण त्याच दृश्यावर दुसरेही एक काम सोपवलेले असते. दर आठवड्याला प्रेक्षकाला दुसऱ्या खोलीतून नुसत्या आवाजावरून कळले पाहिजे की 'ती' मालिका सुरू झाली. हे दुसरे काम म्हणजे ज्याला आज ब्रँडिंग म्हणतात ते. ते साधते पुनरावृत्तीने. जे दरवेळी तेच आणि तसेच असते त्याचीच ओळख पटते. शोधाचा स्वभाव नेमका उलटा. आता ज्या शीर्षकदृश्याला शोधाचीही ग्वाही द्यायची आहे आणि मुद्रेचेही काम करायचे आहे, त्याचे काय होते?

प्रथम थोडे तंत्राविषयी, कारण त्यावाचून पुढचे नीट उमगणार नाही. संगणक येण्यापूर्वी ही दृश्ये रोस्ट्रम कॅमेऱ्यावर बनत. उभ्या खांबावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा, त्याखाली चारही दिशांना मोजून सरकवता येणारे टेबल, टेबलावर चित्र किंवा छायाचित्र. एक चौकट टिपायची, टेबल केसभर सरकवायचे, पुन्हा एक चौकट टिपायची. दूरचित्रवाणीच्या सेकंदाला २५ चौकटींच्या हिशोबाने दीड मिनिटाला २,२५० चौकटी होतात. 'मोशन ग्राफिक्स' हे नाव रूढ करण्यात जॉन व्हिटनी या अमेरिकी कलावंताचा मोठा वाटा आहे. १९६० साली त्याने आपल्या कंपनीला हेच नाव दिले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी तोफांचा नेम साधणारे एक निकामी यंत्र मिळवून त्याने त्यावर चित्रे फिरवली होती. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटासाठी सॉल बास यांनी रचलेल्या नामावलीतील गरगरणारी वलये त्याच प्रयोगांतून निघाली. विमान पाडण्यासाठी केलेली आकडेमोड अशी प्रेक्षकाची नजर बांधून ठेवण्याच्या कामी आली.

आपल्याकडे या कलेची पहिली मोठी कार्यशाळा सरकारी होती. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचे अनुबोधपट दाखवणे पुढे अनेक दशके बंधनकारक राहिले. १९५६ मध्ये तेथे व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले, गो. के. गोखले, राम मोहन, पुढे प्रमोद पती ही नावे या विभागाशी जोडली गेली. पती यांचे प्रयोग आजही टवटवीत वाटतात. परंतु संस्थेच्या नित्याच्या अनुबोधपटांचे आरंभचिन्ह मात्र निखळ मुद्रा होती. ते पडद्यावर येताच सरकार बोलते आहे हे कळे आणि कित्येक प्रेक्षक विडी ओढायला बाहेर जात. त्या मुद्रेत शोधाचा आव नव्हता, म्हणून तिच्यात पेचही नव्हता.

पेच निर्माण झाला तो मालिकेबरोबर. १९७३ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये टेम्स टेलिव्हिजनची 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही २६ भागांची मालिका सुरू झाली. निर्माते जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे, संगीत कार्ल डेव्हिस यांचे. पहिला भाग नामावलीने सुरू होत नाही. आधी दिसते फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान हे ओसाड गाव, जेथे १० जून १९४४ रोजी जर्मन सैनिकांनी सहाशेहून अधिक माणसे मारली. गावाचे नाव आहे, घटनेला काळ आहे, भिंती उभ्या आहेत. हा पुरावा. त्यानंतर येते शीर्षकदृश्य: ज्वाळा, आणि त्या ज्वाळांत एकामागून एक विरघळत जाणारे कृष्णधवल चेहरे. या चेहऱ्यांना नाव नाही, गाव नाही. कोणत्या बाजूचे, कोण जगले, कोण मेले, काही नाही. प्रथम पाहताना अंगावर काटा येतो. सव्विसाव्या वेळी तेच चेहरे जळताना पाहून प्रेक्षक फक्त एवढेच म्हणतो की मालिका सुरू झाली.

आमचा आक्षेप सौंदर्याला नाही. त्या दृश्याच्या तोडीचे काम या क्षेत्रात थोडेच झाले असेल. पण छायाचित्र हा इतिहासकाराच्या हाती कागद असतो, आणि येथे तो कागद अक्षरशः जाळून चिन्ह तयार केले आहे. मालिकेच्या पोटात मात्र आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी अगदी विरुद्ध वागतात. सामान्य माणसांना, शिपायांना, गृहिणींना नावानिशी बोलते करतात. पोटात नाव, कपाळावर निनावी आग. पुढे २०१० साली या मालिकेची डागडुजी झाली तेव्हा रुंद पडद्यासाठी मूळ चौकटीचा वरचा व खालचा भाग छाटण्यात आला. रूपाच्या सोयीसाठी पुराव्याला कात्री लावण्याची ती आणखी एक पायरी.

छायाचित्र न जाळता त्यालाच चालते करण्याची दुसरी वाट कॅनडात निघाली होती. कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांचा 'सिटी ऑफ गोल्ड' (१९५७) हा तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा लघुपट १८९८ च्या सुमारास सोन्याच्या शोधात डॉसन शहरी लोटलेल्या माणसांविषयी आहे. हाती होती ती काचेवरची जुनी छायाचित्रे. आधी आजचे, म्हणजे १९५० च्या दशकातील, सुस्त डॉसन हलत्या कॅमेऱ्याने दिसते आणि मग केव्हा आपण छायाचित्रांत शिरलो ते कळतच नाही, कारण त्यांवरूनही कॅमेरा तसाच, माणसाची नजर फिरावी तसा, फिरत राहतो. त्या हालचालीचा वेग मोजून आखण्यासाठी रोमन क्रॉइटर यांनी एक साधन बनवले होते. केन बर्न्स यांनी या लघुपटाचे ऋण वारंवार मान्य केले आहे. त्यांची नऊ भागांची 'द सिव्हिल वॉर' सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत प्रक्षेपित झाली आणि सुमारे चार कोटी लोकांनी ती पाहिली असे सांगतात. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचे चलच्चित्रण असणे शक्यच नव्हते. तेव्हाच्या कॅमेऱ्याला स्थिर चित्रासाठीही सेकंद मोजावे लागत. म्हणून हजारो छायाचित्रांवरून संथ सरकणारा कॅमेरा आणि व्हायोलिनवरचे 'अशोकन फेअरवेल' हीच त्या मालिकेची ओळख ठरली. (ती धून युद्धकाळातील आहे अशी अनेकांची समजूत असते. ती जे उंगर यांनी १९८२ साली रचली. ब्रँडिंगचे यश याहून निराळे काय असते?) २००३ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या चित्रसंकलनाच्या आज्ञावलीत ही हालचाल बर्न्स यांच्याच नावाने घातली, आणि घरोघरच्या बारशा-लग्नांच्या छायाचित्रांना इतिहासाचे गांभीर्य आले.

या तंत्रात एक गोष्ट हरवते: छायाचित्राची कड. कड दिसत असते तोवर आपल्याला आठवण राहते की हा कोणीतरी, कोठेतरी उभे राहून घेतलेला तुकडा आहे. अलेक्झांडर गार्डनर यांनी जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर एका मृत बंडखोर नेमबाजाचे छायाचित्र घेतले. ते देह उचलून दुसऱ्या जागी ठेवून रचलेले होते, हे सुमारे शंभर वर्षांनी तेच प्रेत अन्य छायाचित्रांत ओळखू आल्यामुळे उघड झाले. असा संशय घेण्यासाठी चित्र थांबावे लागते, संपूर्ण दिसावे लागते, शेजारी दुसरे ठेवावे लागते. चेहऱ्याकडे हळूहळू सरकणारा कॅमेरा करुणा उत्पन्न करतो. शंकेला मात्र तो अवसर देत नाही.

हे सारे मनात ठेवून आम्ही 'भारत एक खोज'कडे येतो, कारण शोध आणि मुद्रा यांचा झगडा आपल्या भाषांच्या अंगणात तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. श्याम बेनेगल यांची ही ५३ भागांची मालिका १४ नोव्हेंबर १९८८ रोजी, नेहरूंच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभी, दूरदर्शनवर सुरू झाली. तिला माहितीपट म्हणावे की नाट्य, हा वाद आम्ही येथे घालत नाही. ओम पुरींचे निवेदन, नेहरूंच्या भूमिकेतील रोशन सेठ यांचे थेट प्रेक्षकाशी बोलणे आणि मधले नाट्यप्रवेश यांची ती मिसळण आहे. पण प्रेक्षकाशी तिचा करार मात्र माहितीपटाचाच होता.

नावापासूनच पाहू. नेहरूंच्या इंग्रजी शीर्षकातील 'डिस्कव्हरी' हा शब्द सापडल्यावर उच्चारायचा आहे. 'खोज' मध्ये सापडणेही येते आणि अजून चाललेले धुंडाळणेही. आपल्या मराठी 'शोध'चेही तसेच; 'शोध लागला' आणि 'शोध चालू आहे' या दोन्ही वाक्यांत तो सारख्याच सहजतेने बसतो. शीर्षकात 'एक' घालून मालिकेने आणखी नम्रता स्वीकारली. हा एक शोध. इतरांचे इतर असतील.

या नावामागे बेनेगलांनी जोडली ती ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ वे सूक्त, नासदीय. संगीत वनराज भाटिया यांचे, ज्यांचे शिक्षण लंडनच्या रॉयल अकादमीत व पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्यापाशी झाले होते. आधी संस्कृत ऋचा, मग त्यांचे हिंदी रूप. ते हिंदी रूप वसंत देव यांचे. 'घाशीराम कोतवाल'सारखी मराठी नाटके हिंदीत नेणारे आणि 'सारांश' (१९८४) च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे हे आपले देव. निवड असामान्य होती. देशाच्या इतिहासाच्या मालिकेला कोणी नकाशा लावला असता, कोणी तिरंगा, कोणी ताजमहाल. बेनेगलांनी सात ऋचांचे असे सूक्त घेतले की जे सृष्टीच्या उत्पत्तीविषयी प्रश्न विचारत जाते आणि अखेरच्या ऋचेत, वरून सर्व पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असेल की नसेल, अशा शंकेवर थांबते. इतिहासलेखनाची याहून प्रामाणिक नांदी आम्हांस सुचत नाही. जेथे साक्षीदार नव्हता तेथे काय होते हे कोण सांगणार, हा प्रश्न इतिहासकाराचाच आहे.

आणि तरी ते तसे ऐकले गेले का? आमचे उत्तर नकारार्थी आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून त्याच दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' सुरू झाले होते. त्याच्या शीर्षकगीतात गीतेतील श्लोक होते आणि निवेदक होता साक्षात 'समय', ज्याला सर्व काही ठाऊक आहे. त्याआधी जुलै १९८८ पर्यंत 'रामायण' चालले होते. पडद्यावर संस्कृत आले की हात जोडायचे, ही सवय त्या दोन वर्षांत घराघरांत पक्की झाली होती. त्या कानांवर नासदीय पडले तेव्हा त्यातील नकार आणि प्रश्न विरघळले. उरला घनगंभीर सूर, प्राचीनता आणि धन्यता. शब्द शंकेचे, पण चाल आणि भाषा श्रद्धेची. हिंदी रूपांतर मुद्दाम दिलेले असूनही हे झाले, कारण समूहस्वराच्या भारदस्तपणापुढे अर्थाकडे लक्ष देणारे थोडे. आज ते शीर्षकगीत मालिकेपासून सुटे होऊन यूट्यूबवर ऐकले जाते आणि पुष्कळांच्या लेखी ते प्रार्थनागीत आहे. ५३ वेळा विचारलेला प्रश्न आपोआप उत्तर होऊन बसतो.

हा दोष केवळ प्रेक्षकाचा म्हणता येणार नाही. मोठमोठ्या भाष्यकारांनीही या सूक्ताला निश्चयाकडे ओढले आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या 'गीतारहस्या'तील अध्यात्मप्रकरणात नासदीयाचे सविस्तर विवेचन आहे आणि तेथे हे सूक्त अद्वैत विचाराच्या मुळाशी नेऊन बसवले आहे. टिळकांची मांडणी बळकट आहे, यात शंका नाही. पण सूक्ताचा कवी जेथे थबकतो तेथे टिळक थबकत नाहीत.

योगायोग असा की नेहरूंचे पुस्तकही तुरुंगातलेच. ऑगस्ट १९४२ पासून ते अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यात बंदी होते आणि १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ते लिहिले. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली या सहबंदींशी झालेल्या चर्चांचा उल्लेख त्यांनी प्रस्तावनेत केला आहे. त्या पुस्तकाची स्वतःची एक नांदी आहे, आणि ती वेदकालीन नाही. चंद्राच्या कलांवरून तुरुंगातले महिने मोजणे, आणि किल्ल्याच्या आवारातील निकृष्ट जमीन बागेसाठी खणणे. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष, बुडालेल्या इमारतींचे माथे लागतात. चांदबिबीची आठवण निघते. पण ही जागा खणायची ती इतिहासासाठी नव्हे, फुलझाडांसाठी; इतिहास वाटेत लागतो. मग कुदळ ठेवून लेखणी घेतल्याचे नेहरू सांगतात.

कल्पना करावी की त्रेपन्न वेळा तेच दिसले असते: नगरच्या किल्ल्यातली माती, एक कुदळ, अर्धवट उघडी पडलेली भिंत. त्यातून शोधकर्त्याचा पत्ता कळला असता. कोण शोधतो आहे, कोठून, कोणत्या भिंतींच्या आत बसून, हे सांगितले गेले असते. शीर्षकदृश्याने निवडलेल्या सृष्टिपूर्व काळोखात असा पत्ता नाही. तेथे बोलणारा कोणीच नसतो, आणि जेथे बोलणारा नसतो ते बोल आपण सहज त्रिकालाबाधित मानतो. मालिकेच्या आत बेनेगलांनी हा पत्ता वारंवार दिला आहे. रोशन सेठ यांचे नेहरू मध्येच थांबतात, मत देतात, शंका घेतात. शिवाजी महाराज नसीरुद्दीन शाह यांच्या रूपात आणि महात्मा फुले सदाशिव अमरापूरकरांच्या रूपात आले तेव्हा मराठी प्रेक्षकांनी आपापल्या माहितीच्या आधारे त्यांच्याशी वादही घातला असेल. शीर्षकदृश्याशी मात्र वाद घालावा असे कोणाला वाटले नाही.

मालिकेच्या शेवटच्या नामावलीकडे तर कोणी पाहतच नसे, पण तीही तितकीच विचारपूर्वक निवडलेली आहे. तेथे हिरण्यगर्भ सूक्त येते, दहाव्या मंडलातील १२१ वे. त्याच्या पहिल्या नऊ ऋचांच्या अंती एकच प्रश्न फिरून फिरून येतो: आम्ही हवी द्यावा तो कोणत्या देवाला? म्हणजे भाग सुरू होताना प्रश्न आणि संपतानाही प्रश्न. दोन प्रश्नांच्या मध्ये पाऊण तासाचा इतिहास. या ध्रुवपदाची गत परंपरेत काय झाली ते वेदाभ्यासकांना ठाऊक आहे. 'कोण' या अर्थाचे सर्वनाम देवाचे नाव ठरले. ऐतरेय ब्राह्मणात कथा आहे की वृत्रवधानंतर इंद्राने प्रजापतीकडे त्याचे मोठेपण मागितले, तेव्हा प्रजापती म्हणाला, मग मी कोण? इंद्र म्हणाला, आताच म्हणालास तोच. तेव्हापासून प्रजापती 'क' झाला, आणि प्रश्नार्थक ऋचा त्याच्या स्तुतीच्या ऋचा झाल्या. सायणाचार्यही हाच अर्थ देतात. सूक्ताच्या दहाव्या ऋचेत तर प्रजापतीला नावानेच हाक मारून सारे मिटवले आहे. ती ऋचा मागाहून जोडली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शाकल्याच्या पदपाठात पहिल्या नऊ ऋचांची पदे फोडून दिलेली आहेत, दहावीची नाहीत.